सातपुड्याच्या डोंगरधारेवर दोन रात्री : नागपूरहून जाणाऱ्या एका पदभ्रमण सेवेचे परीक्षण

सहलीच्या आठ दिवस आधी आयोजकांनी पाठवलेले दोन पानी सूचनापत्रक वाचत असताना, बिबट्याविषयीच्या मजकुरात एका ओळीत ‘डोंगरी सिंह’ हे शब्द आले आणि मी तेथेच थांबलो. सातपुड्यात सिंह नाही. भारतात तो गुजरातबाहेर मोकळ्या जंगलात कोठेही नाही. ‘डोंगरी सिंह’ हे अमेरिकेतील प्यूमा या प्राण्याच्या इंग्रजी नावाचे शब्दशः भाषांतर आहे. जानेवारीच्या थंडीत आम्हाला तीन दिवस सातपुड्याच्या डोंगरधारेवरून पायी नेणाऱ्या या सेवेने सुरक्षेच्या सूचना मात्र अमेरिकेतील एखाद्या पायवाटेवरच्या फलकावरून घेतल्या आहेत, हे त्या दोन शब्दांवरून उघड झाले. हे परीक्षण मी मुख्यतः त्यासाठी लिहीत आहे. सेवा एकंदरीत चांगली आहे आणि तिच्याबरोबर मी पुन्हा जाणार आहे. तरीही ते पत्रक जसेच्या तसे आणखी कोणाच्या हाती पडू नये, असे मला मनापासून वाटते. आयोजकांचे नाव मी येथे देत नाही, कारण सर्व उणिवा मी त्यांना लेखी कळवल्या आहेत आणि त्या दुरुस्त करण्यास त्यांना अवधी मिळावा अशी माझी इच्छा आहे.

आधी सेवेचे स्वरूप सांगतो. माणशी ८५०० रुपयांत नागपूर ते नागपूर प्रवास, तंबूतील दोन मुक्काम, तीन दिवसांचे जेवण, वनखात्याचे शुल्क आणि स्थानिक वाटाड्यांचे मानधन एवढे सारे येते. शुक्रवारी पहाटे साडेचार वाजता सीताबर्डीहून गाडी सुटते आणि सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया असा रस्ता धरते. सौंसरच्या संत्राबागांपर्यंत उजाडू लागते आणि तामियाचा घाट लागला की हवा बदलते. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ घेऊन जाणाऱ्या किंवा नागपंचमीच्या आधी नागद्वारीला चालत जाणाऱ्या वैदर्भीय माणसाला हा मुलूख परका नाही. माझे आजोबा नागद्वारीला तीन वेळा जाऊन आले होते आणि त्या वाटेचे वर्णन ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. परंतु यात्रेच्या दिवसांत हजारो माणसांच्या सोबतीने त्या डोंगरांतून जाणे वेगळे, आणि चौदा माणसांनी, ज्या धारेवर तीन दिवसांत लाकूडफाट्याला आलेल्या दोन बायांखेरीज कोणीही भेटत नाही, तेथून चालणे वेगळे.

वाट सुंदर आहे, हे येथेच सांगून टाकतो. पचमढीच्या बाजूचा सातपुडा वालुकाश्माचा आहे. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सवय असलेल्या डोळ्यांना तांबूस-पिवळ्या, थराथरांनी रचलेल्या कड्यांची ओळख व्हायला थोडा वेळ लागतो. उतारावर साग आणि वरच्या अंगाला साल अशी दोन वेगवेगळी जंगले येथे एकमेकांना भेटतात. धारेवर पोहोचल्यावर एका बाजूला देनवा नदीचे खोरे आणि दुसऱ्या बाजूला एकामागे एक निळसर होत गेलेल्या रांगा दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी धुके खाली खोऱ्यात साचले होते आणि चौरागडाचा सपाट माथा त्याच्यावर तरंगल्यासारखा उभा होता. अशा ठिकाणी पाच मिनिटे कोणी बोलले नाही.

आता पत्रकाकडे वळतो. माझी मुलगी लॉस एंजेलिसजवळ राहते आणि तिच्याकडे असताना सांता मोनिका डोंगररांगेतील ‘बॅकबोन ट्रेल’चा एक टप्पा मी चाललो आहे. नावाप्रमाणेच ही पायवाट रांगेच्या कण्यावरून सुमारे १०८ किलोमीटर जाते आणि २०१६ मध्ये ती सलग पूर्ण झाली. त्या डोंगरांत प्यूमा राहतात. तेथील राष्ट्रीय उद्यान सेवा २००२ पासून त्यांच्या गळ्यात पट्टे बांधून त्यांचा अभ्यास करीत आहे. वाटेच्या तोंडाशी जो फलक होता तो मला चांगला आठवतो : पळू नका, खाली वाकू नका, हात वर करून मोठे दिसा, नजर काढू नका, मुलांना उचलून घ्या, मोठ्याने बोला, आणि हल्ला झालाच तर प्रतिकार करा. आमच्या पत्रकात हीच वाक्ये, बहुतेक याच क्रमाने, प्यूमाच्या जागी बिबट घालून छापलेली होती.

तेथे हा सल्ला अगदी योग्य आहे आणि त्यामागे कारण आहे. प्यूमा दिसायला सिंहिणीच्या रंगाचा असला तरी वाघ-बिबट्यांसारखी डरकाळी त्याला फोडता येत नाही. तो घरच्या मांजरासारखा घुरघुरतो, आणि वंशानेही तो बिबट्यापेक्षा चित्त्याला आणि मांजरालाच अधिक जवळचा आहे. उत्तर अमेरिकेत गेल्या शंभराहून अधिक वर्षांत त्याच्या हल्ल्यात दगावलेल्या माणसांची संख्या तीसच्या आत आहे. क्वचित तो माणसावर आलाच, तर बहुधा भक्ष्य समजून येतो; भक्ष्य उभे राहिले, ओरडले, उलट मारू लागले की इजा होण्याचा धोका त्याला परवडत नाही आणि तो सोडून जातो. शिवाय सांता मोनिकाच्या रांगेत प्यूमाखेरीज माणसाने धसका घ्यावा असा दुसरा मोठा हिंस्र प्राणी जवळजवळ नाहीच. कॅलिफोर्नियाच्या ध्वजावर ज्याचे चित्र आहे ते ग्रिझली अस्वल त्या राज्यातून शंभर वर्षांपूर्वीच नाहीसे झाले. त्यामुळे एका प्राण्यासाठी एक फलक लावला की तेथे काम भागते.

सातपुड्यात ते भागत नाही. येथे बिबट आहे, पट्टेदार वाघ आहे, रानगवा आहे, अस्वल आहे, आणि कड्यांच्या कपारींत आग्या माश्यांची मोहोळे आहेत. यांच्यापैकी प्रत्येकासमोर माणसाने वेगळे वागायचे असते, आणि काही बाबतींत तर नेमके उलटे. वाघ-बिबट्यासमोर पळायचे नाही, पण आग्या माश्या उठल्या तर तोंड-डोके झाकून पळायचेच असते. बिबट अंगावर आला तर खाली पडायचे नाही, पण अस्वलाने गाठलेच तर पालथे पडून हातांनी मान आणि डोके झाकावे, असे आमचे वाटाडे सांगतात. यामागचे कारणही त्यांनी समजावले. अस्वल माणसाला खायला येत नाही. त्याचे नाक तीक्ष्ण असले तरी कान-डोळे बेताचेच, त्यामुळे वारुळ उकरण्यात किंवा मोहाची फुले वेचण्यात गुंग असताना माणूस अचानक समोर आला की ते घाबरून तुटून पडते. ज्याला भीती वाटते त्याला आणखी मोठे होऊन दाखवणे म्हणजे त्याची भीती वाढवणे. मध्य भारतातील जंगलालगतच्या कोणत्याही गावात विचारावे. मोह वेचायला गेलेली आणि चेहऱ्यावर अस्वलाची खूण घेऊन परतलेली माणसे सापडतात. आमच्या पत्रकाच्या दोन पानांत अस्वल हा शब्द एकदाही नव्हता.

हा आक्षेप केवळ कागदावरचा राहिला असता तर मी तो इतका ताणला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास धारेच्या डाव्या उतारावर, आमच्यापासून साठ-सत्तर पावलांवर, एक अस्वल पाठमोरे वारुळ उकरत होते. वाऱ्याची दिशा त्याच्याकडून आमच्याकडे असल्यामुळे त्याला आमचा वास लागलेला नव्हता. गटातील एका तरुण सहकाऱ्याने पत्रक मन लावून वाचले होते. त्याने दोन्ही हात वर केले आणि तो ओरडण्यासाठी श्वास घेऊ लागला. वाटाड्यांनी मागे वळून काहीही न बोलता त्याचे मनगट धरून हात खाली आणले, आम्हा सर्वांना दोन बोटांनी मागे फिरण्याची खूण केली, आणि आल्या वाटेने शंभरेक पावले मागे नेऊन धारेच्या दुसऱ्या अंगाने मोठा वळसा घेतला. वळसा पूर्ण होऊन अस्वल पुरेसे दूर राहिल्यावर मात्र त्यांनी स्वतःच काठीने दगडावर ठोके दिले आणि मोठ्याने बोलायला सुरुवात केली, म्हणजे पुढे दुसरे कोणी असेल तर त्याला आधीच कळावे. त्या तरुणाचा यात काडीचाही दोष नाही. त्याला जे वाचायला दिले होते तेच तो करीत होता.

या सेवेचे खरे मोल या वाटाड्यांत आहे. पन्नाशी ओलांडलेले, गोंड समाजातील, खालच्या खोऱ्यातील गावचे हे गृहस्थ. आम्ही सर्वजण त्यांना दादा म्हणत होतो. नागद्वारीच्या यात्रेत विदर्भातून येणाऱ्या भाविकांसोबत वर्षानुवर्षे वावरल्यामुळे त्यांना मराठी उत्तम समजते आणि निम्मीअर्धी बोलताही येते. त्यांचे पहिले काम मला फार आवडले. गाडीतून उतरल्यावर गावातले एक तपकिरी कुत्रे आमच्या मागे लागले. बिस्किटांच्या आशेने ते आमच्याबरोबर तीनही दिवस राहिले असते आणि आमच्यातील दोघा-तिघांना ते राखणीला बरेच वाटत होते. दादांनी गावातल्या एका मुलाला हाक मारली, कुत्र्याला दोरी बांधायला लावली आणि ते परत पाठवून दिले. कुत्रा हे बिबट्याचे आवडते खाद्य आहे. तंबूजवळ निजलेले कुत्रे बिबट्याला आवतण देते आणि घाबरलेले कुत्रे धावत येऊन माणसाच्याच पायांत शिरते. मागाहून मला आठवले की पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या पट्ट्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातही बिबट्यांच्या आहारात पाळीव प्राण्यांचा, आणि त्यातही कुत्र्यांचा, वाटा फार मोठा आढळला होता. दादांना त्यासाठी अभ्यास वाचावा लागला नव्हता.

दुसरी गोष्ट सांगताना थोडा संकोच वाटतो, परंतु ती टाळणे योग्य नाही. पहिल्या मुक्कामी आयोजकांच्या मुलांनी शौचाचा तंबू मुख्य तंबूंपासून बराच लांब, घाणेरीच्या दाट झुडपापलीकडे उभारला होता. हेतू चांगला होता, कारण गटात पाच महिला होत्या. दादांनी तो सूर्य मावळण्यापूर्वी हलवायला लावला आणि मोकळ्या जागेत, कंदिलाच्या उजेडात, हाकेच्या टप्प्यात आणला. उभा माणूस बिबट्याला सहसा भक्ष्य वाटत नाही. बसलेला किंवा वाकलेला माणूस अंधारात एखाद्या लहान जनावराएवढा दिसतो, आणि संध्याकाळी किंवा पहाटे आडोशाला एकटे बसणे हीच आपल्याकडच्या खेड्यांत धोक्याची वेळ ठरत आली आहे. अमेरिकेतील फलकावरचे ‘खाली वाकू नका’ हे वाक्य आपल्या मुलखात उतरवायचे असेल तर ते असे उतरवायला हवे : रात्री एकट्याने जाऊ नये, दिवा घेऊन जावे, बरोबरच्याने बाहेर उभे राहून बोलत राहावे.

माझा बारा वर्षांचा पुतण्या आमच्याबरोबर होता. त्याला दादांनी तीनही दिवस रांगेच्या मधोमध ठेवले. पुढे धावू दिले नाही आणि मागेही रेंगाळू दिले नाही. त्याबद्दल तो पहिल्या दिवशी रुसला होता. मग दादांनी त्याला काम दिले : वानरांचा आवाज ऐकायचा. झाडावरचे वानर खोकल्यासारखा ‘खॅक खॅक’ आवाज सतत आणि एकाच दिशेला बघून काढू लागले तर सांगायचे. नुसती आपसातली भांडणे असतील तर सांगायचे नाही. तिसऱ्या दिवशी उतरणीवर हा आवाज त्यानेच प्रथम ओळखला. आम्ही सारे एकत्र येऊन पंधरा-वीस मिनिटे उभे राहिलो. खालच्या नाळेत भेकर दोनदा भुंकले आणि मग सगळे शांत झाले. बिबट दिसला नाही. पुढे पायवाटेवर मागच्या पायांनी माती ओरबाडल्याची खूण आणि केसांनी भरलेली, अजून ओलसर विष्ठा मात्र होती. दादांनी काठीने ती उलगडून दाखवली आणि केस चितळाचे असल्याचे सांगितले. ‘बिबट दाखवण्याची हमी’ अशी जाहिरात करणाऱ्या सेवाही मी पाहिल्या आहेत. या आयोजकांनी तसे काहीही कबूल केले नव्हते, हे त्यांच्या बाजूने आवर्जून नोंदवतो.

नागपूरकरांना बिबट नवा नाही, हेही येथे सांगायला हवे. २०२१ च्या उन्हाळ्यात गायत्रीनगरच्या बाजूला बिबट दिसला तेव्हा शहराने आठवडाभर दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या. त्या दिवसांत मोबाइलवरून फिरणाऱ्या संदेशांत जी घबराट होती ती मला या सहलीत एकदाही दिसली नाही, कारण येथे काय करायचे ते माहीत असलेला माणूस पुढे चालत होता. म्हणूनच कागद आणि माणूस यांत इतके अंतर असणे मला खटकले.

जेवण साधे आणि पोटभर होते. झुणका, ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, सकाळी पोहे; वाटेत सौंसरला घेतलेली संत्री. संत्र्यांच्या साली आणि उरलेले अन्न पिशवीत बांधून परत आणले गेले. तंबू कोरडे होते, पण झोपण्याच्या पिशव्या जानेवारीतल्या पचमढीकडच्या थंडीला अपुऱ्या पडतात. स्वतःची एक जाड चादर किंवा घोंगडी न्यावी. गाडी आणि चालक उत्तम.

राहिलेल्या तक्रारी तीन आहेत आणि तिन्ही सुरक्षेच्याच आहेत. नोंदणीच्या वेळी जास्तीत जास्त दहा माणसे घेऊ असे सांगितले होते. प्रत्यक्षात आम्ही चौदा होतो. अरुंद धारेवर चौदा माणसांची रांग इतकी लांबते की पुढच्याचा आवाज मागच्याला ऐकू जात नाही. पहिल्या दिवशी रांगेच्या शेवटी दुसरे वाटाडे होते, म्हणून अडचण आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना सामानाबरोबर पुढच्या मुक्कामावर पाठवण्यात आले आणि माझी पत्नी, जिचा गुडघा दुखत होता, रांगेच्या टोकाला राहिली. मी तिच्याबरोबर होतो, तरीही अशा मुलखात शेवटचा माणूस हा नेहमी जाणकार असायला हवा. मागे पडलेला, थकलेला, एकटा माणूसच सर्वांत उघड्यावर असतो.

तिसरी तक्रार वेळेची. त्याच दिवशी अस्वलामुळे वळसा पडला, त्यात दुपारचे जेवण लांबले, आणि शेवटचा सव्वा तास आम्ही सूर्य मावळल्यानंतर चाललो. बिबट्याची उठण्याची वेळ तीच असते. दादांनी दोन वेळा घाई करायला सांगितले होते. आयोजकांचा प्रतिनिधी, जो स्वभावाने अतिशय सौजन्यशील तरुण आहे, छायाचित्रे काढणाऱ्यांना नाही म्हणू शकला नाही. डोंगरात वेळेचा निर्णय वाटाड्याचा असावा आणि तो पैसे भरणाऱ्या माणसांनाही बंधनकारक असावा, हे नोंदणीच्या अर्जावरच छापले पाहिजे. त्याच अर्जावर आणखी एक गोष्ट हवी. धारेवर बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. कोणाला सर्पदंश झाला किंवा पाय मोडला तर कोणत्या वाटेने खाली उतरवायचे, गाडी कोठे येणार आणि जवळचे मोठे रुग्णालय किती तासांवर आहे, हे निघण्यापूर्वी सर्वांना सांगितले गेले नाही. मी विचारल्यावर दादांना ते सारे ठाऊक असल्याचे कळले. पण ते चौदाही जणांना ठाऊक असायला हवे होते.

ज्यांना जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. पहिल्या दिवसाची चढण सलग अडीच तासांची आहे. रोज चालण्याची सवय नसेल तर महिनाभर आधी फुटाळा किंवा अंबाझरीच्या काठाने पाठीवर वजन घेऊन चालावे. वालुकाश्मावर भुरभुरीत वाळू असते, त्यामुळे खोल नक्षीच्या तळव्याचेच बूट हवेत. अत्तर आणि सुगंधी तेल घरी ठेवावे. मोहोळांच्या कड्याखालून एक टप्पा जातो आणि तेथे दादा बिडीसुद्धा ओढू देत नाहीत. शेंदरी-पिवळे भडक कपडे टाळावेत, पण अगदी मातकटही नकोत, म्हणजे गट एकमेकांच्या नजरेत राहतो. मोह फुलण्याच्या दिवसांत, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, अस्वलांचा वावर वाढतो. लहान मुले बरोबर असतील तर हा काळ टाळावा आणि डिसेंबर-जानेवारी निवडावे.

परतल्यावर मी आयोजकांना चार पानी पत्र दिले. त्यांनी फोन करून ते पत्रक एका परदेशी संकेतस्थळावरून घेतल्याचे मान्य केले, पुढच्या तुकडीला ते देणार नाही असे सांगितले आणि नवीन पत्रक लिहून देण्याची विनंती केली. मी एकट्याने लिहिण्यास नकार दिला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात दादा त्यांच्या पुतणीच्या सोयरिकीसाठी सौंसरला येणार आहेत; त्या दिवशी दुपारी आम्ही तिघे तेथे बसणार आहोत. दादा सांगतील, मी लिहीन, आयोजक छापतील. पहिली ओळ कुत्र्याविषयी असावी असे दादांनी आधीच कळवले आहे.